घोंगडीच्या धाग्याचा स्वेटर

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा. तुम्ही चिकोडीकडच्या. दिवाळीनंतर शेतात बकरी बसवायला आलेल्या धनगरांकडून दोन किलो काळी लोकर घेतलीत. त्यांच्यातल्याच एका आजींकडून चातीवर (खाली चकती लावलेली, हातानं फिरवून कातायची काठी) कातायला शिकलात आणि पाच वर्षांच्या नातीसाठी स्वेटर विणायला घेतलात. पाठीचा भाग विणून झाला, तर तो सरळ येण्याऐवजी एका अंगाला कलला. नातीनं अंगाला लावून बघितला आणि "टोचतंय" म्हणून फेकला. आता तुम्ही विचारताय की कातण्यात हात कुठं चुकतोय, आजोबांचा पेटी चरखा माळ्यावर आहे तो काढावा का, आणि आजी म्हणतात तशी धाग्याला चिंचोक्याची खळ द्यावी का.

मी बेळगावात गेली एकोणीस वर्षं घरी लोकर कातते आणि विणते. पोटापाण्यासाठी नाही, हौसेनंच. पण या एकोणीस वर्षांत तुम्ही केलेली प्रत्येक चूक मी केलेली आहे, वर आणखी चार माझ्या स्वतःच्या. त्यामुळे आधी एवढं सांगते की तुमचा हात चुकलेला नाही. आजींनी तुम्हाला घोंगडीचा धागा कातायला शिकवलं आणि तुम्ही तो नीट शिकलात. तो सुयांवर चढवल्यामुळे गडबड झाली आहे.

घोंगडीचा धागा एकपदरी असतो. त्यात पीळ भरपूर असतो, आणि तसाच तो लागतो. घोंगडी विणणारे सणगर तो मागावर ताणून लावतात, त्यातून आडवा धागा जातो, दोन्ही एकमेकांना दाबून धरतात. पिळाला हलायला जागाच राहत नाही. चिंचोक्याची खळ त्या उभ्या धाग्याला देतात ती याचसाठी: बारीक केस बसावेत, धागा कडक व्हावा, मागावर घासून तुटू नये. म्हणजे आजी बरोबर सांगताहेत, पण मागासाठी. विणकामाच्या धाग्याला खळ अजिबात देऊ नका. टाके काठीसारखे उभे राहतील, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी येईल ती वेगळीच.

विणकामात प्रत्येक टाका म्हणजे एक सुटं वेटोळं. धाग्यातला पीळ उलगडायला बघतो आणि त्याच्याबरोबर वेटोळं कलतं. एक टाका कलला तर कुणाला दिसत नाही, पण पुढून सगळे सुलट दिसणाऱ्या विणीत सगळे टाके एकाच बाजूला कलतात, आणि मग पाठीचा तुकडा पतंगाला लाजवेल असा तिरका येतो. ओल्या फडक्याखाली कितीही इस्त्री फिरवा, पहिल्या धुण्यात तो पुन्हा तिरका होणार. माझा पहिला स्वेटर असाच होता. मी तो दोन हिवाळे घातला, शिवण पोटावर यायची.

यावर उपाय दुपदरी धाग्याचा. दोन एकपदरी धागे एकत्र घेऊन, कातताना चाती ज्या दिशेनं फिरवली तिच्या उलट दिशेनं पिळायचे. पहिला पीळ उलगडू बघतो, दुसरा त्याला अडवतो, दोघांचं भांडण मिटतं. दुसरा पीळ किती द्यायचा हे धाग्याच्या जाडीवर, लोकरीच्या लांबीवर आणि तुमच्या हातावर ठरतं, आकडा सांगून उपयोग नाही. पण परीक्षा सोपी आहे. पिळलेल्या धाग्याचं हातभर वेटोळं करून मोकळं लोंबकळत सोडा. ते शांत लोंबलं तर धागा झाला. स्वतःभोवती गुंडाळायला लागलं तर पीळ कमी तरी पडलाय किंवा जास्त तरी झालाय. ते ज्या दिशेनं गुंडाळतंय ती बघा. पदर पिळलेत त्याच दिशेनं गुंडाळत असेल तर अजून थोडा पीळ हवा आहे, उलट दिशेनं गुंडाळत असेल तर जास्त झाला आहे. ही परीक्षा ताज्या धाग्यावर घ्या. कातून आठ दिवस पडलेल्या धाग्यातला पीळ झोपलेला असतो, तो खोटं सांगतो.

पिळायला दुसरं साधन नको. दोन गोळे दोन स्टीलच्या डब्यांत ठेवा म्हणजे घरभर पळणार नाहीत, दोन्ही टोकं एकत्र चातीला बांधा आणि उलटी फिरवा. पूर्ण झालं की लडी करून कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, हातानं दाबून पाणी काढा (पिळू नका), दोन्ही हातांत ताणून दोन-तीनदा झटका आणि दोरीवर वाळत घाला. खाली वजन लावायचं नाही. वजन लावून वाळवलेला धागा दिसतो सरळ, पण स्वेटर धुतला की आपल्या मूळ स्वभावावर येतो.

इथं एक चूक जवळजवळ सगळे करतात. एकपदरी धागा आजींच्या सवयीचा, घोंगडीच्या जाडीचा कातायचा आणि तसे दोन एकत्र पिळायचे. त्याचा सोल होतो, बैल बांधायच्या लायकीचा. शेवटी जेवढा जाड धागा हवा आहे त्याच्या जवळजवळ निम्म्या जाडीचा एकेरी धागा कातावा लागतो. मी पट्टीवर मोजते: धागा पट्टीभोवती शेजारी शेजारी गुंडाळायचा, ताणायचा नाही, आणि अडीच सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते बघायचं. आठ नंबरच्या सुयांसाठी दुपदरी धाग्याचे अकरा-बारा वेढे यावेत. त्यासाठी एकेरी धाग्याचे अठरा-वीस. सुयांचे नंबर आपल्याकडे उलटे चालतात हे लक्षात असू द्या. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर त्याहून बारीक, सवातीन. हल्ली पुष्कळ सुयांवर नुसते मिलिमीटर लिहिलेले असतात. नमुन्यात आठ नंबरची सुई सांगितलेली आणि कुणी आठ मिलिमीटरची आणली, तर स्वेटरची मच्छरदाणी होते.

पाच वर्षांच्या मुलीच्या स्वेटरला साधारण अडीचशे ग्रॅम लोकर आणि साडेचारशे-पाचशे मीटर दुपदरी धागा लागतो. म्हणजे हजार मीटर एकेरी. खादीवाल्यांच्या भाषेत बरोबर एक गुंडी. मी लोंबत्या चातीवर तासाला साठ-सत्तर मीटर कातते, गप्पा नसल्या तर. त्या हिशेबानं नुसतं कातणंच पंधरा तासांचं, पिंजणं आणि पिळणं वेगळं. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही ही लोकर या कामाला वापराल की नाही, मला शंका आहे.

कारण टोचण्याचा प्रश्न पिळानं सुटत नाही. केस जाड असला की त्याचं टोक त्वचेवर टेकलं तरी वाकत नाही, सुईसारखं रुततं. केसाची जाडी तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेली की हे जाणवायला लागतं. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर चोवीसच्या आत असते, म्हणून ती मऊ. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर सरासरीनंच तिशीच्या पुढची, शिवाय तिच्यात मधूनमधून पोकळ, राठ केस असतात. ऊन, पाऊस, काटेकुटे यांत वर्षभर चालणाऱ्या जनावराच्या अंगावरची ती लोकर आहे. तिच्या घोंगडीवर पाऊस बराच वेळ आत येत नाही, शेतात अंथरली तर वर्षानुवर्षं टिकते. तिनं पाच वर्षांच्या पोरीच्या गळ्याशी गोड वागावं ही अपेक्षाच चूक. रिठा लावा, शाम्पू लावा, केसांचं कंडिशनर लावा, मी सगळं करून बघितलं आहे. हाताला जरा बरी लागते, गळ्याला नाही.

एक अपवाद आहे, जावळ. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर. ती बारीक असते, टोकं निमुळती असतात, आणि जावळाची घोंगडी वेगळी ओळखू येते. धनगर मंडळी तुमच्या ओळखीची आहेत तर विचारून बघा, पण ती थोडी मिळते आणि ते लोक ती स्वतःसाठी राखतात. मिळालीच तर दोनशे ग्रॅमसुद्धा सोडू नका. कन्नड बोलणाऱ्यांकडून घेत असाल तर 'उण्णे' म्हणजे लोकर आणि 'कंबळी' म्हणजे घोंगडी एवढे दोन शब्द पुरतात, बाकी हातवारे. आणि धनगर 'बकरी' म्हणाले तर ती मेंढरंच, हे तुम्हाला माहीत असेल. मला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी मी एका बाईंना "बकरीची नको, मेंढीची द्या" म्हणाले होते आणि सगळा वाडा हसला होता.

कुठलीही लोकर घेताना मी एक करते. धुतलेल्या लोकरीचा चिमूटभर पुंजका ब्लाऊजच्या गळ्यात, मानेशी खोचायचा आणि तासभर घरातली कामं करायची. विसरलात तर लोकर अंगाला चालते. दहा मिनिटांत हात तिथं गेला तर तिचं दुसरं काहीतरी करा. हाताच्या तळव्यावर चोळून ठरवू नका, आपले तळवे भांडी घासून निबर झालेले असतात.

मग नातीचं काय? माझं मत विचाराल तर तिच्यासाठी मऊ लोकर विकत आणा. मेरिनोचे तयार पेळू (पिंजून कातायला तयार केलेल्या वळ्या) ऑनलाइन मिळतात, महाग असतात. मधला मार्ग म्हणजे राजस्थानची चोकला मेंढी, तिला तिकडची मेरिनो म्हणतात. मेरिनोइतकी नाही, पण आपल्यापेक्षा पुष्कळ मऊ, आणि पांढरी असल्यामुळे रंगवता येते. आपल्या काळ्या लोकरीवर कुठलाच रंग चढत नाही. किंवा सरळ दुकानातून गिरणीचा धागा घ्या.

यात कमीपणा वाटून घेऊ नका. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात, आपल्या टिळकवाडीत, गांधीजी अध्यक्ष असताना ठराव झाला की सभासदत्वासाठी महिन्याला दोन हजार यार्ड हातकताईचं सूत द्यायचं. आजच्या मापात अठराशे मीटरच्या वर. त्या ठरावातसुद्धा सवलत होती: आजारपण असेल किंवा मनच नसेल, तर दुसऱ्यानं कातलेलं तेवढंच सूत चालेल. खुद्द गांधीजींनी मान्य केलं, तर तुमची नात काय म्हणणार आहे.

आता माळ्यावरचा पेटी चरखा. जरूर काढा, पण या लोकरीसाठी नको. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना घडवलेला हा चरखा कापसासाठी आहे. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, त्याला धरून ठेवायला पीळ फार लागतो. म्हणून दोन चाकांची जोडणी करून चाती भिंगरीसारखी पळवली आहे. आपल्या लोकरीचा केस दोन-अडीच इंच आणि राठ, त्याला थोडा पीळ पुरतो. पेटी चरख्यावर ती लावली की तुम्ही ओढेपर्यंत धागा तारेसारखा कडक होतो, नाहीतर तटकन तुटतो. तुमच्या पाठीच्या तुकड्याला टोचरेपणा आहे त्यातला थोडा जास्त पिळाचाही आहे, चरख्यानं तो वाढेलच. लोकरीला मोठ्या चाकाचा, सावकाश फिरणारा रहाट हवा, धनगरांच्या घरी असायचा तसा. तो मिळाला तर घ्या, पण घाई नको. चातीवर वर्ष काढलेला माणूस रहाटावर आठ दिवसांत बसतो, उलटं होत नाही. कापसाची छोटी पितळी टकळीही लोकरीला हलकी पडते. माझी चाती गुळगुळीत काठी आणि खेळण्यातल्या गाडीचं लाकडी चाक यांची आहे, पन्नास ग्रॅमची. पडून पडून तिचं चाक चेपलंय, तरी फिरते.

धुण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण "गरम पाण्यात भिजवून चोळून काढली" असं सहज लिहून गेलात, म्हणून सांगते. लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाणी, चोळणं आणि पाण्याचा एकदम बदल या तिन्हींनी ते एकमेकांत अडकतात आणि मग पिंजताना दर पेळवात गुठळ्या येतात. तुमचा धागा मधेच जाड मधेच बारीक येतो म्हणता, त्याचं निम्मं कारण हे असणार. मी रिठ्याच्या पाण्यात, हात सोसेल एवढ्या गरम, लोकर नुसती बुडवून ठेवते. ढवळत नाही. वीस मिनिटांनी उचलायची, तेवढ्याच गरम दुसऱ्या पाण्यात. दख्खनी लोकरीत मेरिनोसारखं मेण नसतं, माती आणि घामच जास्त, त्यामुळे दोन-तीन पाण्यात काम होतं. माझ्या अनुभवात किलोला साडेसहाशे-सातशे ग्रॅम हातात राहते. धुण्याआधी लोकर मोकळी करताना नाकाला फडकं बांधा, आणि नंतर हात साबणानं धुवा. एकदा गडबडीत मी गरम पाण्यातली लोकर थेट नळाखाली धरली होती, अर्धा किलोचं जेन, म्हणजे गुंतून घट्ट झालेलं जाड लोकरी आसन, झालं. आज त्यावर बसून देवपूजा करते, छान ऊब लागते.

पिंजायला गादीवाल्या पिंजाऱ्याकडे देऊ नका. मी दिली होती. ते मशीन कापसाचं, लोकर परत आली ती झाडूच्या पुंजक्यासारखी. पाळीव कुत्र्यांचे केस विंचरायचे तारेचे ब्रश मिळतात, ते दोन घ्या. एकावर लोकर पसरायची, दुसऱ्यानं ओढायची, चार-पाच वेळा अदलाबदल, आणि गुंडाळून पेळू. कुसळं मात्र आधी हातानं वेचावी लागतात, ब्रशनं ती तुटून आत बसतात आणि टोचण्याचं पाप पुन्हा लोकरीच्या माथी येतं.

हंगामाचंही थोडं बघा. फाल्गुन-चैत्रात कोरडा वारा सुटला की लोकर हाताला चिकटते, केस उडतात. तेव्हा पेळवावर पाण्याचा हलका फवारा मारायचा किंवा तळहाताला खोबरेल तेलाचा एक थेंब. पावसाळ्यात कातायला लोकर गुणी होते, पण धुवायला काढू नका. जुलैत धुतलेली लोकर आठ दिवस वाळत नाही आणि तिचा वास जन्मभर जात नाही.  उरलेल्या लोकरीला कसर लागू नये म्हणून वेखंड ठेवतात, मीही ठेवते. पण कसर एकदा लागली की वेखंडानं जात नाही. पिशवी घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये, मग कडक उन्हात.

राहिला तुमच्या हातातला तिरका तुकडा आणि सव्वा-दीड किलो काळी लोकर. तुकडा उसवू नका, एकपदरी काळी लोकर उसवताना तुटते आणि डोळे जातात. तो गरम पाण्यात साबण लावून चांगला चोळा, आता गुंतायलाच हवा आहे. आखडून जाड होईल आणि गुंतला की तिरकेपणाही लपेल. कडा कापून नातीला झोपाळ्यावर बसायला आसन करा. उरलेल्या लोकरीचं दुपदरी करून स्वतःसाठी सदऱ्यावरून घालायचं जाकीट विणा, बाहेरचं, अंगाला न लागणारं. दोन नंबरांनी जाड, म्हणजे आठऐवजी सहा नंबरच्या, सुया घ्या म्हणजे कापड मोकळं पडेल. आणि एकपदरी धागाच विणायचा मोह होत असेल तर एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीत सुलट्यावर उलट, अशी विण घाला. दोन्ही बाजूंचे टाके एकमेकांना सावरतात, तिरकेपणा जवळजवळ दिसत नाही. कशाचाही आधी वीतभर तुकडा विणून, धुवून, वाळवून मगच मोजा. न धुतलेल्या तुकड्यावर टाके मोजून मी एक टोपी केली होती, ती शेवटी नारळावर बसली.

पेटी चरख्याला मशीनचं तेल द्या, जुनी माळ (चाकावरची दोरी) बदला आणि बेळगावजवळच्या हुदलीच्या खादीवाल्यांकडे कापसाच्या पेळवांची चौकशी करा. नातीचा स्वेटर कुठल्याही लोकरीचा होवो, त्याच्या गळ्याला आणि मनगटाला आतून सुती पट्टी विणून लावली की उरलीसुरली टोच जाते. ते सूत आजोबांच्या चरख्यावर काता. फक्त दोन पदर, उलटा पीळ. तेवढं तिथंही चुकत नाही.